आधी प्रश्न दे, मग चित्र दाखव

मुलुंड, मुंबई
रविवार रात्र

प्रिय विन्या,

पत्र मिळालं. वर्गातल्या पोरांना घेऊन काळा घोड्याच्या म्युझियममध्ये येतोयस, हे बेस्ट! पण ‘चित्र सगळं नीट बघा, असं बजावणार आहे’ हे वाचून अडखळलो. सगळं बघणं डोळ्याला जमतच नाही रे. हात लांब करून अंगठ्याचं नख बघ. एका वेळी अगदी स्पष्ट दिसतो तो जेमतेम एवढाच भाग. म्हणून डोळा सेकंदाला तीनेक उड्या मारत हिंडतो, आणि कुठे उतरायचं ते बरंचसं आपण काय शोधतोय त्यावर ठरतं. दादरच्या पुलावर लाल साडीतल्या मावशीला शोधताना दिसेल ते लाल डोळ्यांत भरतं, आणि हिरव्या शर्टातला शाळूसोबती खेटून निघून जातो.

यार्बस नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने हे कागदावर उतरवलं. त्याचं पुस्तक १९६५चं. आरसा लावलेली इवलीशी टोपी थेट डोळ्याला चिकटवून तो नजरेची वाट टिपायचा (लोक तयार कसे झाले, देव जाणे). समोर रेपिनचं चित्र: बऱ्याच काळाने घरी परतलेला माणूस दारातून आत येतोय, घरचे अवाक. ‘यांची वयं सांगा’ म्हटलं की नजर चेहऱ्यांवर. ‘घरची परिस्थिती कशी आहे?’ विचारलं की तीच नजर सामानावर आणि कपड्यांवर. चित्र तेच, बघणाराही तोच!

आता आमच्या रेडिओलॉजीवाल्यांची फजिती ऐक. २०१३ साली एका प्रयोगात छातीच्या सीटी स्कॅनमध्ये मुद्दाम गोरिलाचं चित्र घुसवलं होतं. गाठी शोधणाऱ्या २४ रेडिओलॉजिस्टपैकी २० जणांना तो दिसलाच नाही. त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांची नजर थेट त्याच्यावरून गेली होती! मला यात हसू कमी आणि धडकी जास्त. गाठींचा प्रश्न डोक्यात नसता तर गाठीही सापडल्या नसत्या, हेही खरंच म्हणा.

तेव्हा पोरांचे दोन गट कर. लघुचित्रांच्या दालनात एकाला विचार, ‘यात घाबरलंय कोण?’ दुसऱ्याला, ‘ही वेळ दिवसाची की रात्रीची?’ या चित्रांत कित्येकदा रात्रही लख्ख रंगवलेली असते. चंद्र किंवा मशाल हुडकावी लागते. मग चित्राकडे पाठ करून दोन्ही गटांना एकमेकांना चित्र सांगू दे. भांडणं होतील, होऊ देत.

तारीख लवकर कळव, मला ड्युटी बदलून घ्यावी लागेल. आणि उतरायला माझ्याकडेच ये, हॉटेल बघू नकोस.

तुझा,
शिऱ्या