बादल्यांचा क्रम न चुकवणाऱ्या मावशींना

मावशी,
सादर नमस्कार.

श्वानघरात खोकल्याची साथ पसरली नाही की लोक डॉक्टरांचं आणि लशीचं नाव घेतात. ते रास्तच आहे. पण रोज सकाळी फडका तुमच्या हातात असतो, म्हणून हे आभार तुमचे. पत्र मुद्दाम उघडं लिहितोय, कारण चार कुत्री एका छपराखाली ठेवणाऱ्या कुणालाही तुमची पद्धत कामी येईल.

पहिले आभार बादल्यांच्या क्रमाचे. आधी पिल्लं, मग धडधाकट मोठी कुत्री, मग नवी आलेली आणि सगळ्यात शेवटी खोकणारी. ‘जाता जाता तेवढी आजारी खोली उरकून घ्या’ म्हणणाऱ्याला तुम्ही तोंडावर नाही म्हणता, आणि तेच बरोबर. आजारी खोलीची लाल बादली, तिथला खराटा, वाट्या, दारामागे खिळ्याला टांगलेला ॲप्रन, उंबऱ्याशी उतरवायचे गमबूट, यातलं काहीही त्या खोलीबाहेर येत नाही. केनल कफ, म्हणजे कुत्र्यांचा हा साथीचा खोकला, थेंबांतून उडतो, तसाच वाटीला, पट्ट्याला आणि आपल्या बाहीला चिकटूनही हिंडतो.

दुसरे आभार हायपोच्या, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट या क्लोरीनवाल्या जंतुनाशकाच्या मापाचे. आधी शी उचलायची, केस झाडायचे, साबणाच्या पाण्याने फरशी घासायची, धुवायची आणि मगच हायपो. उलटं केलं तर घाणच क्लोरीन खाऊन टाकते आणि जंतूंपर्यंत काही पोचत नाही. डब्यावर 5 टक्के लिहिलं असेल तर 1 लिटर पाण्यात 30 मिली, 10 टक्के असेल तर 15 मिली. फरशी 10 मिनिटं ओली राहिली पाहिजे, म्हणजे तुमच्या हिशेबाने चहा उकळून, गाळून, पिऊन होईपर्यंत. लगेच पुसून घेतलं की नुसता वास उरतो. द्रावण रोज ताजं, कारण ऊन आणि उष्णतेने त्याची ताकद उतरते. ते संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये कधी मिसळायचं नाही, मुताच्या डबक्यावर थेट ओतायचं नाही. दोन्हींतून निघणारा वायू छातीला घातक. कुत्रं आत असताना पाइपचा जोराचा फवारा मारायचा नाही, त्याने घाणीचे तुषार हवेत उडतात. शेवटी धुऊन वायपर, आणि फरशी कोरडी.

पावसाळ्यात ताडपत्री पूर्ण खाली न ओढता वरची फट उघडी ठेवता, त्याचे आभार वेगळे मानायला हवेत. कोंडलेल्या हवेत मुताचा अमोनिया साचतो आणि श्वासनलिका आधीच चरचरते. त्या नलिकेच्या आत बारीक लव असते, तीही खराट्यासारखी कफ सतत वर ढकलत असते. बोर्डेटेला नावाचा जंतू नेमका त्या लवेला चिकटतो आणि तिचं झाडणं बंद पाडतो. मग दुसऱ्या जंतूंना रान मोकळं. खोकणारा आणि धडधाकट यांच्यात भरीव भिंत हवी. ती नसेल तर निदान 6 मीटर अंतर.

‘लस दिली होती ना?’ हा प्रश्न तुम्हालाही विचारतात. केनल कफ हा एका जंतूचा आजार नाही. बोर्डेटेला, पॅराइन्फ्लुएन्झा, ॲडिनोव्हायरस, मायकोप्लाझ्मा अशी टोळी असते, आणि लस त्यातल्या काहींवरच. अमेरिकेत 2004 साली घोड्यांचा फ्लू शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांत शिरला, तेव्हा त्यांच्यासाठी त्यावर लस नव्हती. लस टाळा असा याचा अर्थ नाही. पिल्लांना सहाव्या आठवड्यापासून 16 आठवड्यांचं होईपर्यंत दर 2 ते 4 आठवड्यांनी डोस लागतात, कारण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती आधीचे डोस वाया घालवू शकते. बोर्डेटेलाची नाकात टाकायची लस साधारण 3 दिवसांत कामाला लागते. इंजेक्शनवाल्या लशीचे दोन डोस लागतात. नाकातली लस सुईने टोचायची मात्र नाही, गळू होतं, यकृतही जाऊ शकतं.

नव्या कुत्र्याला 14 दिवस वेगळं ठेवण्यावर तुम्ही अडून बसता, जागा नसली तरी. लक्षणं दिसायला 2 ते 14 दिवस लागतात आणि तोवर ते हसतखेळत जंतू वाटत असतं. खोकला थांबल्यावरही काही आठवडे ते जंतू वाटत राहतं, म्हणून बरं झालेल्यालाही तुम्ही लगेच सोडत नाही.

आणि तुमचा कान. हंसासारखा कोरडा भुंका, मागून उबळ, पांढरा फेस: बाकीचे ‘हाड अडकलंय’ म्हणत घशात बोट घालायला निघतात, तुम्ही आधी गळ्यातला पट्टा काढून हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) चढवता, म्हणजे श्वासनलिकेवर दाब येत नाही. माणसांचं खोकल्याचं औषध तुम्ही हातातून काढून घेता, तेही योग्य. काहींत पॅरासिटामॉल असतं, बिनसाखरेच्यात झायलिटॉल. दोन्ही कुत्र्याला विष. खाणंपिणं नीट असेल तर बहुतेक कुत्री एक-दोन आठवड्यांत सावरतात. पण ताप 103.5 फॅरनहाइटच्या वर, झोपेत मिनिटाला 30 हून जास्त श्वास, नाकातून पिवळा शेंबूड किंवा जेवण सोडणं, यांतलं एक जरी दिसलं तरी डॉक्टरांना फोन. डोळ्यांत चिकट घाण, पंजे कडक, अंगाला झटके म्हणजे डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची शंका. तुम्ही फोन कानाला लावत त्याला सगळ्यांपासून दूर नेता.

मावशी, हायपोचा नवा कॅन सावलीतल्या कपाटात ठेवलाय, 30 मिलीच्या खुणेचं माप त्याला दोरीने बांधलंय. लाल बादलीची कडी तुटली होती, ती बदललीय. रंग लालच आणलाय.

आपले,
श्वानघरातले सगळे