वजनकाट्यावर मला पाठमोरं उभं करणाऱ्या सिस्टरना

सिस्टर, तुम्हाला मी आठवत असेन असं काही वाटत नाही. दिवसाला किती पोटुश्या बायकांचं बीपी घेत असाल तुम्ही, त्यातली मी एक, चौदावा आठवडा, सोबत सासूबाई. पण मला तुमचं सगळं आठवतं, अगदी पेन केसांत खोचायची सवय पण. तुमची बदली झाली असं नंतर कळलं आणि कुठे झाली ते कोणी नीट सांगेना, म्हणून हे असं उघड्यावर लिहितेय.

त्या दिवशी तुम्ही पट्टा गुंडाळायला माझा उजवा हात हातात घेतलात आणि पहिल्या बोटाच्या गाठीवरचा तो घट्टा बघितलात. बघितलात हे मला कळलं कारण तुमचा अंगठा त्याच्यावरून एकदा फिरला, बस्स. तोंडातून एक शब्द नाही. बीपी लिहिलंत, मग सासूबाईंना म्हणालात काकू जरा ही फाईल तेवढी खिडकीवर देऊन येता का, आणि त्या दाराबाहेर गेल्या तशा माझ्याकडे वळून एकदम साध्या आवाजात विचारलंत, "उलट्या आपोआप होतायत का तुम्ही करताय?"

सतराव्या वर्षापासून मी हे करत होते सिस्टर. भरमसाट खायचं, मग बाथरूमचा नळ मोठा सोडायचा. नवऱ्याला माहीत नाही, आईला माहीत नाही, वजन तर चारचौघींसारखं, कोण कशाला संशय घेतंय. बुलिमियात, म्हणजे भरमसाट खाऊन ते ओकून टाकायच्या या आजारात, हेच होतं, माणूस हडकुळं दिसत नाही त्यामुळे कोणाला काही कळतच नाही. आणि प्रेग्नन्सीत तर मला आयतंच कारण मिळालं होतं, सगळे म्हणायचे होतात गं उलट्या पहिले काही महिने, मी पण मान डोलवायची. खरं तर दिवस गेल्याचं कळल्यावर मी स्वतःला बजावलं होतं की आता बंद, बाळासाठी तरी बंद, आठ दिवस जमलं पण, आणि मग कोणीतरी कौतुकाने म्हणालं, पोट दिसायला लागलं हं. संपलं.

तुमच्या प्रश्नावर मी काही बोललेच नाही, रडले फक्त. तुम्ही "अगं बाळाचा तरी विचार कर" असं म्हणाला नाहीत, त्याचे तर मी वेगळे आभार मानते. बाळाचा विचार मी चोवीस तास करत होते आणि त्याच्या भीतीनेच आणखी खात होते आणि आणखी ओकत होते, ते वाक्य तेव्हा ऐकलं असतं तर परत त्या दारात पाऊल टाकलं नसतं मी. तुम्ही एवढंच म्हणालात की हा आजार आहे, डॉक्टरांना मी सांगते, तुम्ही फक्त नाही म्हणू नका.

आणि मग वजन. मी काट्याकडे बघत नुसती उभी, पाय उचलेना. तुम्ही माझे खांदे धरून मला वळवलंत, भिंतीकडे तोंड, काट्याकडे पाठ, आकडा तुम्ही बघितलात, फाईलमध्ये लिहिलात आणि पान मिटलंत. इतकं सोपं होतं हे?? इतक्या वर्षांत हे कोणाला सुचलं नव्हतं, मला तर नाहीच.

पुढे रक्त तपासलं तर पोटॅशियम कमी. सारख्या उलट्यांनी ते घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात हे डॉक्टरांनी सांगितलं, बाळाचं वजन कमी भरू शकतं, दिवस भरायच्या आधी होऊ शकतं हेही सांगितलं. काउन्सेलर मॅडमनी पाच प्रश्न विचारले, स्कॉफ म्हणतात त्याला, १९९९ सालापासून वापरतात, पाचात दोन "हो" आले तरी नीट तपासायला घ्यायचं. माझे चार. आणि बोट घशात घालताना दात घासून घासून पडलेल्या त्या घट्ट्याला चक्क नाव आहे, रसेल्स साइन! १९७९ साली ज्या डॉक्टर रसेलनी बुलिमियावर पहिल्यांदा सविस्तर लिहिलं त्यांचं नाव. मी वाचून थक्क, म्हणजे इतक्या जणींच्या हातावर हे आहे.

तुमचा तो केस पेपरच्या मागे मांडलेला हिशोब अजून आहे माझ्याकडे. बाळ तीन किलो, वार पाऊण, पाणी एक, जास्तीचं रक्त दीड, मग गर्भाशय, छाती, थोडी चरबी जी दूध पाजायला लागणारच. माझ्यासारखीचं साडेअकरा ते सोळा किलो वाढणं नॉर्मल, असं म्हणून खाली दोन रेघा मारल्या होत्यात. आरशासमोर उभी राहिले की तो कागद काढून वाचायचे, कधी पटायचं, कधी डोंबल पटायचं. उलटी झालीच तर लगेच ब्रश करू नका, नुसती चूळ भरा, अॅसिडने दातांवरचं कवच मऊ झालेलं असतं हेसुद्धा तुमचंच, मी इतकी वर्षं घासून घासून वाट लावली होती दातांची.

सगळं गोड झालं असं नाही बरं का. सातव्या महिन्यात दोनदा घसरले. आणि तुम्ही शेवटच्या भेटीत म्हणाला होतात की खरं जपायचं ते बाळंतपणानंतर, तेव्हा हा आजार उलटतो, तसा तो उलटलाच, लेक चार महिन्यांची असताना, झोप नाही, कपडे होत नाहीत, येईल तो माझ्याकडे बघून काहीतरी बोलतोय. पण तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून मी दुसऱ्याच आठवड्यात मॅडमना फोन केला. एरवी वर्ष काढलं असतं लपवण्यात. नवऱ्यालाही तेव्हाच सांगितलं, तो बराच वेळ गप्प बसला आणि मग बाथरूमच्या दाराची कडी काढू का म्हणाला, मी म्हटलं कडी राहू दे, जेवण झाल्यावर तासभर माझ्याजवळ बस.

आता परत दिवस गेलेत. जागा नवीन, सिस्टर नवीन, तरुण आहेत. परवा त्यांनी काट्याकडे बोट दाखवलं आणि मी चढले ती भिंतीकडे तोंड करूनच. त्या म्हणाल्या, "अहो ताई, उलट्या का?"

मला इतकं हसू आलं सिस्टर. म्हटलं तेच सांगते, जरा दार लोटून घ्या.