पडक्या रेल्वेवास्तू रीतसर पाहू द्या

महोदय,
सुट्टीला इगतपुरी-कसाऱ्याकडे वापरातून गेलेल्या रेल्वेवास्तू धुंडाळणाऱ्या तरुणांना सरसकट रिकामटेकडे ठरवू नये. १८६५ मध्ये थळ घाट चढून रेल्वे इगतपुरीला आली, तीही ३७ फुटांना एक फूट अशा चढाने! घडीव काळ्या दगडांचे सांधे जवळून पाहिले की त्या गवंड्यांची हातोटी कळते. त्याच सांध्यांत शिरलेली पिंपळाची मुळे पाहून जीव तुटतो.

मात्र परवानगीविना रेल्वेच्या हद्दीत शिरणे रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि कुजलेल्या छतावर चढणे जिवावर बेतते. रेल्वेने पावसाळ्यानंतर महिन्यातला एक रविवार ठरवून, निवृत्त कर्मचाऱ्यांना सोबत देऊन या वास्तू दाखवाव्यात.

– एक वाचक, नाशिक रोड