कुपन आणि वजाबाकी

महोदय,

वर्तमानपत्रातल्या पत्रकावरचं कुपन सहावीतल्या नातवाने नीट कापलं आणि तो माझ्याबरोबर वाणसामान आणायला निघाला. '५०० रुपयांच्या खरेदीवर ५० रुपये सूट.' आमची यादी झाली ३८० रुपयांची : तूरडाळ, पोहे, शेंगदाणे, अंगाचा साबण. त्याने लगेच १२० रुपयांची बिस्किटं टोपलीत टाकली. "आजी, ५० रुपये वाचले!" तिथेच त्याला हिशेब करायला लावला. ३८० ऐवजी ४५० जाणार होते. बिस्किटं मुकाट्याने फळीवर परत गेली.

मग पाकिटावर छापील किमतीजवळ असतो तो दर ग्रॅमचा भाव दाखवला. मोठा पुडा स्वस्तच, असं मीही धरून चालायचे. पोह्यांचा छोटा पुडाच स्वस्त निघाला! कुपनाची मुदत वाचायला तर भिंग लागलं. सूट ठळक आणि अटी मुंगीएवढ्या, असं का?

शाळेत शेकडेवारी शिकवताना अशी कात्रणं वर्गात का आणू नयेत?

येताना महात्मा फुले मंडईत कोथिंबिरीची जुडी घेतली. तिथे कुपन नाही, घासाघीस. तिची मात्र त्याला अजून लाज वाटते.

— एक आजी, सदाशिव पेठ, पुणे