एका 'जे'ने मजूर जखमी

मा. संपादक,

रविवारच्या अंकातील बर्फाळ मुलखातल्या खाणींवरचा लेख आवडला. पण 'थंडीने जखमी झालेले हे मजूर पहाटे कामाला लागतात' या वाक्याशी अडलो. जखमी माणूस पहाटे खाणीत कसा उतरेल? मूळ इंग्रजीत 'इन्युअर्ड' असणार, घाईत ते 'इंजर्ड' वाचले गेले. स्पेलिंगमध्ये एका 'जे'चाच काय तो फरक. म्हणायचे होते ते, थंडी अंगवळणी पडलेले मजूर.

हा शब्द मला जुना परिचयाचा. साताऱ्याला कोर्टाबाहेर 31 वर्षे दस्त टाइप केले. इंग्रजी करारनाम्याच्या शेवटी, करार वारसांच्या लाभासाठी 'इन्युअर' होईल, असे कलम हमखास यायचे. अर्थ विचारला की वकीलसाहेब म्हणायचे, "आहे तसं मारा." निवृत्तीनंतर कोश उघडला तेव्हा कोडे सुटले. पंधराव्या शतकातल्या इंग्रजीत 'यूर' असे एक नाम होते. अर्थ वापर, रिवाज. 'इन यूर' म्हणजे वापरात असलेले. त्याचेच क्रियापद झाले. 'यूर' आला फ्रेंचांकडून, आणि त्याच्या मुळाशी लॅटिन 'ऑपेरा', म्हणजे काम. गाण्याचा ऑपेरा आणि दवाखान्यातले ऑपरेशन याच गोतावळ्यातले. म्हणून करार अमलात येतो तेव्हाही 'इन्युअर', आणि थंडी अंगात मुरते तेव्हाही 'इन्युअर'. 'यूर' बिचारा कधीच वापरातून गेला.

'मॅन्युअर'ही याच भावकीतला. त्याचा मूळ अर्थ हाताने जमीन कसणे. शेणखत मागाहून आले. (आमच्या खरेदीखतातले 'खत' अरबी, म्हणजे लिखाण. शेतातल्या खताशी त्याचे नाते नाही, तरी पक्षकार हा विनोद केल्याशिवाय सही करत नसत.)

आमच्या दस्तांत 'यूर'च्या जवळ जाणारा शब्द म्हणजे वहिवाट. दुसऱ्याच्या बांधावरून 20 वर्षे उघडपणे, हक्काने आणि खंड न पडता ये-जा केली, की 1882 च्या सुविधाधिकार कायद्याने ती वाट हक्काची होते. नुसत्या पायांच्या सवयीने!

भाषांतरकारांना एवढेच सांगणे, की 'इन्युअर्ड'ला मराठीत एकच शब्द पुरत नाही. थंडीला माणूस सरावतो, लाच घ्यायला निर्ढावतो. इंग्रजी दोघांना एकाच दावणीला बांधते, आपण बांधू नये.

हे पत्र नातवाच्या लॅपटॉपवर टाइप केले आहे. बोटे अजून रेमिंग्टनच्या कळांना सरावलेली, त्यामुळे तो दर दोन ओळींनी आतून ओरडतो, "आबा, हळू!"

— एक निवृत्त दस्तलेखक, सातारा