आठ सरळ रेषा

प्रिय मित्रा,

तुझ्या मेसेजला आठवडाभर उत्तर दिलं नाही, त्याचं कारण हे पत्र आहे. "नवं फर्मवेअर कसं चाललंय?" एवढंच विचारलं होतंस. फोनवर सांगितलं असतं तर दोन मिनिटांत तू खो-खो हसून मोकळा झाला असतास. लिहून सांगितलं की निदान ते हसणं माझ्या कानावर पडत नाही.

मेंदूच्या लहरी (ईईजी) टिपणाऱ्या आपल्या आठ चॅनलच्या बोर्डाचं हार्डवेअर तू गेल्यापासून मी तसंच ठेवलंय. एक रेझिस्टरसुद्धा बदललेला नाही. हात घातला तो फर्मवेअरमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या प्रोसेसरच्या प्रोग्रॅममध्ये. ठिगळं लावून लावून त्याची गोधडी झाली होती, हे तूही मान्य करशील. तर एकदा मांडी ठोकून बसलो आणि साफसफाई काढली. दोन मुख्य बदल केले. आठ चॅनलची सेटिंग्ज एकेक करून लिहिणारं ते रडकं फंक्शन त्या कामातून काढलं आणि आठही रजिस्टर (चिपमधले सेटिंग्जचे कप्पे) डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घालता, एका दमात लिहिणारं नवं घातलं. दुसरं म्हणजे चिपशी बोलणाऱ्या एसपीआय या जोडणीचा क्लॉक, म्हणजे तिचा वेग, ४ मेगाहर्ट्झवरून १६ वर नेला. डोक्यावरचे सिग्नल आकड्यांत बदलणाऱ्या आपल्या एडीएस१२९९ चिपला २० पर्यंत चालतो असं डेटाशीटमध्ये छापलेलं आहे, मग चारवर कशाला रांगायचं?

त्या ओळीवर तुझी एक टीप होती: "४च्या वर नेऊ नये." का नेऊ नये ते लिहिलं नव्हतंस. मी ती खोडली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तू सारखा त्याचीच वाट बघत बसणार नाहीस.

दोन्ही बदल वेगवेगळ्या ब्रँचवर, म्हणजे कोडच्या वेगळ्या प्रतींवर, केले, दोन्ही वेगवेगळे तपासले, दोन्ही झकास चालले. मग एकत्र केले, बोर्डात भरले, स्वतःच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावले आणि पडद्यावर जे दिसलं ते बघून मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. अरे, काय रेषा होत्या! तुला आठवतं ना, आपल्याकडे भिंतीतल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण कायम असायची. फिल्टर काढला की रेषा सुतळीएवढी जाड दिसायची. आता फिल्टर बंद, तरी आठही रेषा केसासारख्या बारीक. नॉइज मोजला तर एक मायक्रोव्होल्टच्या आसपास, म्हणजे चिप बनवणाऱ्यांनी डेटाशीटमध्ये दिलाय तेवढाच. मनात म्हटलं, बघा, कोड स्वच्छ केला की सिग्नलही स्वच्छ होतो. त्याचा स्क्रीनशॉट छापून भिंतीला लावला. हो, छापून.

त्यावर कडी म्हणजे इम्पीडन्स, इलेक्ट्रोड आणि त्वचेमधला विजेला होणारा अडथळा. पूर्वी कुठे ८ किलोओहम, कुठे १२, आणि सातवा चॅनल जेल ओतून ओतूनही तिसाच्या खाली यायचा नाही. नव्या फर्मवेअरवर आठही इलेक्ट्रोडचं इम्पीडन्स जवळजवळ शून्य. शून्य! माणसाची त्वचा म्हणजे काही तांब्याची तार नव्हे, हे शाळकरी पोरानेही सांगितलं असतं. पण मी मात्र जेल चांगलं बसलं म्हणून स्वतःची पाठ थोपटत होतो.

पुढचे तीन दिवस पाच जणांची रेकॉर्डिंग केली. प्रयोग साधाच: थोडा वेळ डोळे उघडे, थोडा वेळ मिटलेले. डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या भागावर अल्फा लहर दिसायला हवी, ८ ते १२ हर्ट्झची. माणसाचा ईईजी पहिल्यांदा टिपणाऱ्या बर्गरने १९२९ साली छापून दाखवली होती ती, तीही कसली साधनं हाताशी असताना. आपल्याकडे २४ बिटांचा कन्व्हर्टर. डेटा तपासणारी सहकारी तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "अल्फा दिसत नाही." मी म्हणालो, काही जणांची कमजोर असते. ती म्हणाली, "पाचही जणांची?" त्यावरही मी काहीतरी उत्तर दिलं, काय दिलं ते आता आठवत नाही आणि आठवायचंही नाही.

तिने मग मला समोर बसवलं आणि डोळे मिचकवायला सांगितले. पापणी लवली की कपाळावरच्या चॅनलमध्ये शंभर-दीडशे मायक्रोव्होल्टचा डोंगर उभा राहतो, ते आपण किती वेळा पाहिलंय. मी मिचकावले. रेषा ढिम्म. दात घट्ट आवळले, म्हणजे जबड्याच्या स्नायूंनी तरी पडद्यावर हैदोस घालायला हवा होता. ढिम्म. मी म्हणालो, सॉफ्टवेअरमधला फिल्टर जास्त कापतोय. फिल्टर बंद आहे, हे तिने बोट दाखवून सांगितलं.

उशीर झाला होता म्हणून इलेक्ट्रोडची जुडी मी बोर्डावरून उपटली आणि टेबलावर ठेवली. प्रोग्रॅम चालूच होता. सहज नजर गेली. बोर्डाला आता एकही वायर नव्हती, आणि पडद्यावर त्याच आठ रेषा, तशाच बारीक, तशाच सुंदर, जणू काही झालंच नाही. त्या क्षणी पोटात जो गोळा आला तो तुला सांगून कळणार नाही. उघड्या इनपुटवर रेषा वाऱ्यावर सोडलेल्या कागदासारखी भरकटते, छताला जाऊन चिकटते. ही हललीसुद्धा नाही. म्हणजे तीन दिवस आम्ही पाच माणसांच्या डोक्याला जेल फासून चिपचा स्वतःचाच नॉइज रेकॉर्ड करत होतो.

रेषा अगदी मेलेली असती, सगळे आकडे शून्य आले असते, तर पहिल्याच मिनिटाला संशय आला असता. पण गेन (सिग्नल किती पट वाढवायचा तो आकडा) २४ असताना आपला एक काउंट, म्हणजे कन्व्हर्टरची सगळ्यात लहान पायरी, ०.०२२ मायक्रोव्होल्टचा, नुसत्या नॉइजनेही आकडा चाळीस-पंचेचाळीस काउंटच्या पट्ट्यात नाचत राहतो. बघणाऱ्याला वाटतं, काहीतरी जिवंत आहे.

आता शोध. बॅटरी बदलून पाहिली, कनेक्टर पुसला, हे सगळं गृहीत धर. त्यातून काही निघालं नाही. चिपचा ओळख क्रमांक वाचला तर हेक्समध्ये (सोळा-आधारी आकड्यांत) ३ई, म्हणजे बरोबर. सँपल सेकंदाला २५०, बरोबर. मग चिपमधला टेस्ट सिग्नल लावला. तो माझा सगळ्यात आवडता, कारण त्यात इलेक्ट्रोड, त्वचा, जेल या कशाचाच संबंध येत नाही. साधारण सेकंदाला एक अशी चौकोनी लाट, वर १.८७५ आणि खाली १.८७५ मिलिव्होल्ट. ती दिसली तर दोष बाहेर, नाही दिसली तर दोष घरातच. नाही दिसली. सरळ रेषा.

मग चॅनलची आठ रजिस्टर परत वाचून छापली. आठही ठिकाणी ६१. मी त्याकडे बघून मान डोलावली आणि पुढे गेलो. खरंच पुढे गेलो! आपण लिहितो ६०, आणि साठ-एकसष्ट माझ्या डोळ्यांना एकच वाटले. दहा मिनिटांनी परत आलो. हेक्समधले ६० म्हणजे गेन २४ आणि इनपुट इलेक्ट्रोडला जोडलेलं. ६१ म्हणजे गेन तोच, पण इनपुटची दोन्ही टोकं आतल्या आत एकमेकांना जोडलेली, बाहेरच्या जगाशी संबंध नाही. आणि रीसेट झाल्यावर चिप स्वतःहून याच अवस्थेत उठते. म्हणजे चॅनलबद्दल मी पाठवलेलं एक अक्षरही तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं. इम्पीडन्स शून्य का, टेस्ट सिग्नल गायब का, गुणगुण का नाही, सगळ्यांचं उत्तर त्या शेवटच्या एका बिटात होतं.

पण बाकीची रजिस्टर बरोबर कशी? मोजमापाचा रेफरन्स व्होल्टेज चालू होता, टेस्ट सिग्नलचा जनरेटरही चालू झाला होता. इथे मी बराच वेळ खर्च केला. गिटमध्ये, म्हणजे कोडच्या साठवलेल्या इतिहासात, मधोमध कापत मागे गेलो, तर क्लॉकची ब्रँच निर्दोष, डीएमएची ब्रँच निर्दोष, दोघी एकत्र आल्या की घात. माणसं दोन्ही सरळ आणि त्यांची भागीदारी चोर, असला प्रकार.

शेवटी तारांवरून जाणारा एकेक बिट दाखवणारा लॉजिक ॲनलायझर लावला. (आधी डोक्यावरून सगळं काढलं, ओरडू नकोस. माणूस जोडलेला असताना बोर्ड फक्त बॅटरीवर, हा तुझा नियम मी मोडलेला नाही.) सिग्नल चिपपर्यंत अगदी व्यवस्थित जात होते. पहिला बाइट ४५, म्हणजे "पाचव्या रजिस्टरपासून लिहायला घे". दुसरा ०७, म्हणजे "एकूण आठ". मग आठ वेळा ६०. एकही बिट वाकडा नाही. फक्त सगळे बाइट एकमेकांच्या पाठीवर पाय देऊन धावत होते, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नव्हती.

डेटाशीट पुन्हा उघडलं. वेगाचा तक्ता मी वाचला होता, त्यापुढचा परिच्छेद वाचला नव्हता. कमांडचा एकेक बाइट समजून घ्यायला चिपला तिच्या स्वतःच्या क्लॉकचे चार ठोके लागतात. तिचा क्लॉक २.०४८ मेगाहर्ट्झचा, म्हणजे चार ठोके साधारण १.९५ मायक्रोसेकंद. एसपीआय ४ मेगाहर्ट्झवर असेल तर एक बाइट जायलाच २ मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्यात चिपचं समजून होतं, वेगळं थांबावं लागत नाही. १६ वर तोच बाइट अर्ध्या मायक्रोसेकंदात येऊन आदळतो. पहिला नीट कळायच्या आत दुसरा, त्यावर तिसरा, आणि अख्खी कमांड वाया.

आता भागीदारीचं कोडं सुटलं. डीएमए ४ मेगाहर्ट्झवर चालत होता, कारण बाइटच मुळात सावकाश जात होते. जुनं एकेक बाइट पाठवणारं फंक्शन १६ वरही चालत होतं, कारण ते प्रत्येक बाइटनंतर काम झालं का ते तपासत रेंगाळायचं आणि त्या रेंगाळण्यातच चिपला हवा तो वेळ मिळायचा. रेफरन्स, टेस्ट जनरेटर, ओळख क्रमांक आणि रजिस्टर परत वाचणं, हे सगळं अजून त्या जुन्याच फंक्शनमधून जातं. म्हणून ते बरोबर. डीएमएवर फक्त चॅनल नेले होते, आणि तेवढेच बुडाले.

बरं, वेग वाढवून मिळणार काय होतं? हा हिशोब मी सगळ्यात शेवटी केला, जो सगळ्यात आधी करायला हवा होता. एका सँपलचे २७ बाइट: तीन स्टेटसचे आणि आठ चॅनलचे प्रत्येकी तीन. ४ मेगाहर्ट्झवर ते वाचायला ५४ मायक्रोसेकंद. पुढचं सँपल येतं ४,००० मायक्रोसेकंदांनी. म्हणजे जो प्रोसेसर बहुतेक वेळ हातावर हात ठेवून बसलेला असतो, त्याचे आणखी चाळीस मायक्रोसेकंद वाचवायला मी तीन दिवस आणि पाच माणसांची डोकी खर्ची घातली.

क्लॉक परत चारवर आणला. डीएमए ठेवला, तो खरंच चांगला आहे, बघशील तेव्हा तूही म्हणशील. शिवाय प्रत्येक रजिस्टर लिहिल्यावर परत वाचून ताडून बघतो. जुळलं नाही तर बोर्ड डेटा पाठवायलाच नकार देतो आणि लाल एलईडी लावून बसतो. नवं फर्मवेअर भरलं की माणसाला हात लावायच्या आधी टेस्ट सिग्नलची चौकोनी लाट दिसलीच पाहिजे, आणि वायर उपटली की रेषा बिघडलीच पाहिजे. दुसरी तपासणी सहकारीने सुचवली. तिला मी आता कुठल्याच बाबतीत उलट बोलत नाही.

दुरुस्तीनंतर पुन्हा इलेक्ट्रोड लावले तेव्हा पडद्यावर पहिल्यांदा काय आलं असेल? ५० हर्ट्झची तीच जाडजूड गुणगुण. इतक्या वर्षांत तिच्या येण्याचा कधी आनंद झाला नव्हता. फिल्टर लावला, डोळे मिटले, आणि सहकारी म्हणाली, "आली." उघडून बघावं तर ती जाणार, त्यामुळे मी बराच वेळ डोळे मिटूनच बसलो.

त्या पाच जणांची माफी मागून झालीय. तिघे परत बसायला तयार झाले, एकाने सरळ नाही म्हटलं, आणि एकाचे केस अजून जेलने चिकटलेत म्हणे.

तुझी टीप जिथे होती तिथे परत घातलीय, खाली कारणासह. पण एक खरं सांग. ते ४ मेगाहर्ट्झ तू हिशोब करून ठेवलं होतंस, की पहिल्या दिवशी चाललं म्हणून तसंच राहिलं? कारण १.९५ आणि २ यांच्यात जेमतेम ०.०५ मायक्रोसेकंदाची फट आहे. हिशोब केला असशील तर पूर्ण माफी मागतो. नशिबाने लागलं असेल तर निम्मीच.

तुझा,
टिपा खोडणारा

ता. क. सातवा चॅनल पुन्हा ३० किलोओहमवर अडून बसलाय. त्याला बघून फार बरं वाटलं.