गोटी का पडली, हे विचारणं म्हणजे खेळ?

मा. शिक्षणमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

आपला वेळ मोलाचा, म्हणून थेट सांगते. मागच्या मंगळवारी माझ्या अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या तासाला तपासणी अधिकारी आले. भिंतीवर फोमच्या पन्हाळीचा रोलर कोस्टर चिकटवलेला, आणि गोटी नेमकी कुठे सुटते ते बघायला मुलं जमिनीवर पालथी पडलेली. साहेबांनी शेरा मारला, ‘तासिकेत खेळ सुरू.’ दुसऱ्या दिवशी कारणे दाखवा नोटीस आली आणि संध्याकाळी शिपाई कोस्टर उतरवून घेऊन गेला.

‘कृतीतून शिक्षण’ ही घोषणा आपलीच ना? प्रत्येक शाळेला साहित्याचा संच मिळणार होता. दोन वर्षं झाली. आमच्याकडे आलं फक्त परिपत्रक, तेही दोनदा. फोमच्या नळ्या मी पदरमोड करून आणल्या, कटरने उभ्या चिरल्या, त्यात बोट कापून घेतलं. (त्याची भरपाई मागत नाही, घाबरू नका.)

आता तो ‘खेळ’ काय होता ते ऐका. घर्षण नसेल तर लूप, म्हणजे रुळाचं उभं गोल वळण, पुरा करायला गाडी लूपच्या तळापासून त्याच्या त्रिज्येच्या किमान अडीच पट उंचीवरून सोडावी लागते, असं गणित सांगतं. मुलांनी २० सेंटिमीटर त्रिज्येचा लूप केला आणि ५० सेंटिमीटरवरून गोटी सोडली. पडली. पुन्हा सोडली, पुन्हा पडली. एरवी तोंड न उघडणारी मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, गोटी नुसती घसरत नाहीये, स्वतःभोवती फिरतेय पण. त्यात ऊर्जा जात असेल ना?"

महोदय, १९ वर्षं शिकवतेय. फळ्यावर सूत्र लिहून हा प्रश्न मला एकदाही कुणाच्या तोंडून काढता आलेला नाही! न घसरता लोळणाऱ्या भरीव गोळ्याला २.७ पट उंची लागते, म्हणजे ५४ सेंटिमीटर. तिथूनही पडली, कारण घर्षण आपला वाटा घेतंच. शेवटी ७२ वरून गेली, तेव्हा वर्गात जो आरडाओरडा झाला, तो ऐकूनच साहेब आत आले.

खरे कोस्टर बांधणारेही असेच शिकले. १८९५ साली अमेरिकेत कोनी आयलंडला फ्लिप फ्लॅप रेल्वे नावाचा लूपवाला कोस्टर सुरू झाला. त्याचा लूप पुरता गोल, त्यामुळे लूपमध्ये शिरतानाच असा हिसका बसायचा की माना दुखायच्या. खाली पसरट आणि वर आवळलेला, थेंबासारखा लूप जर्मन अभियंते वेर्नर श्टेंगेल यांनी प्रत्यक्षात आणला तो १९७६ मध्ये. मध्ये ८१ वर्षं गेली. आमच्या मुलांनी मात्र ४० मिनिटांत, शांत बसून, बरोबर उत्तर काढायचं.

आणि साहेबांना तरी काय बोलू? परीक्षेत ‘अडीच पट सिद्ध करा’ येतं. ‘मग गोटी का पडली?’ कधी येत नाही. मी चार ठिकाणी शिकवलं, त्यांतल्या तीन ठिकाणी प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप होतं, कारण काही फुटलं तर शिक्षकाच्या पगारातून वसुली. महिन्यातले निम्मे दिवस माझे ऑनलाइन माहिती भरण्यात जातात. मोजले नाहीत, पण निम्मेच असतील. कुठल्याही रकान्यात आजवर ‘मुलांनी काय विचारलं?’ असं दिसलं नाही. किती पानं झाली, एवढंच हवं असतं. या खात्यात चुकलेलं गणित खोडतात, ते का चुकलं हे विचारणाऱ्याला नोटीस देतात.

नोटिशीला सात दिवसांत उत्तर द्यायचंय. सोबत मुलांच्या वहीतला तक्ता जोडतेय: ५०, ५४, ६०, ६५, ७२. पहिल्या चारांपुढे ‘पडली’, शेवटच्यापुढे ‘गेली’. साहित्याचा संच राहू द्या. नेलेला फोम तेवढा परत पाठवा, सोमवारी मुलांना थेंबासारखा लूप करून बघायचाय.

आपली,
नोटीस मिळालेली एक शिक्षिका